फक्त शनिवारी चालणारं यंत्र

ओस्सी नुर्मेलाचं यंत्र फक्त शनिवारी नीट चालायचं.

सोमवारपासून शुक्रवारपर्यंत त्याचं वेगळंच तंत्र असे. टीव्हीवरचं चित्र आधी एका बाजूला कलायचं, मग सावकाश वर सरकत सरकत नाहीसं व्हायचं आणि खालून पुन्हा उगवायचं. गाणं तर असं निघायचं, की वाजवणाऱ्याला मधेच डुलकी लागली असावी. शनिवारी दुपारी मात्र तेच यंत्र, तोच टीव्ही, तीच वायर, आणि चित्र खिळा ठोकल्यासारखं जागच्या जागी. सूर स्वच्छ. दुसरा कुणी असता तर डोकं खाजवत बसला असता. ओस्सीचा उभा जन्म विजेच्या कामात गेला होता, त्यामुळे त्याला कारण लगेच सापडलं.

"गिरणी," तो बायकोला म्हणाला. "तळ्यापलीकडची लाकडाची गिरणी. त्या करवतींच्या मोटारी आठवडाभर वीज नासवतात. शनिवारी गिरणी बंद, माझं यंत्र चालू. सरळ आहे."

"आणि रविवारी?" इर्मेलीने विचारलं. "गिरणी तर रविवारीही बंद असते."

"रविवारी ते मोटारी तपासतात. गुपचूप."

"अरे, गिरणीचा मॅनेजर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसलेला असतो."

"बसणारच," ओस्सी म्हणाला. "कुणाला संशय यायला नको."

त्या दिवसापासून त्याने मॅनेजर तौनोला दुकानात नमस्कार करणं बंद केलं. तौनोला हे कळायला बरेच महिने लागले, कारण कोर्तेसाल्मी गावात एकमेकांना केलेला नमस्कार आणि न केलेला नमस्कार यांत तसा फारसा फरक नसतो.

यंत्र म्हणजे कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात बोटाच्या पेराएवढी एक चिप. कपडे धुवायच्या मशीनला कधी थांबायचं ते सांगणारी असते ना, साधारण त्या जातीची. ओस्सीने तिला एकाच वेळी दोन कामांना लावलं होतं: टीव्हीवर चित्र हलवायचं आणि त्याच्या तालावर गायचंही. असल्या हौशी मंडळींत याला डेमो म्हणतात. एवढ्याशा यंत्राकडून त्याच्या ऐपतीबाहेरचं काहीतरी करून घ्यायचं आणि ते चार लोकांना दाखवायचं. उपयोग विचारायचा नाही. ओस्सी सोळा वर्षांचा असल्यापासून हे करत आला होता आणि त्या मंडळींत त्याला 'गंज' या नावाने ओळखत.

चिपला लोक बाहेरून एक स्फटिक जोडतात. त्याच्या ठेक्यावर चिप इमानाने चालते. ओस्सीने तो जोडला नव्हता.

"लाव ना रे एक स्फटिक," इर्मेली म्हणायची. "शेंगदाण्याएवढा तर असतो."

"एक चिप, बाकी काही नाही," ओस्सी म्हणायचा. "स्फटिक लावल्यावर काय, कुणीही करेल."

सोल्डरचा धूर एकदा वाटाण्याच्या सूपमध्ये उतरल्यापासून ओस्सीला स्वयंपाकघरात मज्जाव होता. त्यामुळे त्याचं टेबल अंगणातल्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराला, लागून असलेल्या, कपडे बदलायच्या खोलीत गेलं होतं. शनिवारी दुपारी इर्मेली लाकडं फोडून सौनाची शेगडी पेटवायची. शेगडीची मागची भिंत म्हणजे ओस्सीच्या टेबलापुढची भिंत. तो बनियनवर बसून चिपमधले आकडे एकाने कमी, एकाने जास्त करत राहायचा. सौना तापला की इर्मेली अंगाला पंचा गुंडाळून त्याच्या शेजारी येऊन बसायची, आणि मांडीवर अकॉर्डियन घ्यायची.

कारण गाणं तिचं होतं.

हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. इर्मेली शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. संगीत ती कुठे शिकली नव्हती. ओस्सीने टाकून दिलेल्या एका जुन्या संगणकावर, रकान्यांत आकडे भरून गाणी रचायची सोय होती. बटाटे उकळेपर्यंत काय करायचं म्हणून ती त्यात आकडे भरत गेली, आणि एक दिवस त्यातून लाकडं फोडण्याच्या ठेक्यावरचं एक गाणं निघालं. चिपच्या किणकिणत्या, थोड्या नाकातल्या आवाजात ते असं काही लागलं की ओस्सी हातातली कॉफी प्यायचा थांबला. हा त्याच्या परीने हंबरडाच होता.

"हे डेमोत घालू," तो म्हणाला. "आणि डेमोंच्या मेळाव्यात अकॉर्डियन तू वाजवायचं. तिथे. सगळ्यांसमोर."

"मी? नाही रे बाबा."

"का?"

का ते दोघांनाही माहीत होतं. गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत इर्मेली चर्चच्या गानवृंदात गात होती. वृंद हेल्वीबाई रौताकोस्की चालवायच्या. सत्तरीची, ताठ कण्याची, शुभ्र केसांची बाई. तिच्या कानापुढे गावातले कुत्रेसुद्धा जपून भुंकत. जानेवारीत एके दिवशी सराव चालू असताना हेल्वीबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं होतं.

"इर्मेली, तू पुन्हा वर आहेस."

"मला तर बरोबर वाटतंय, हेल्वीबाई."

"ऑर्गन शंभर वर्षांचा आहे. तो चुकतो आणि तू बरोबर, असं आहे का?" आणि मग, अगदी मायेने, जे जास्त लागतं, "असं कर, तू आपली नुसते ओठ हलव. रांगेत उभी छान दिसतेस."

इर्मेलीने त्या दिवशी सराव संपेपर्यंत ओठ हलवले आणि नंतर कधी गेली नाही. घरात ती गुणगुणायचीसुद्धा बंद झाली. अकॉर्डियनचं बरं होतं. बटण दाबलं की जो निघायचा तो सूर निघतो. त्याला वर आहेस असं कोण म्हणणार? दोन महिने नाही नाही म्हणून शेवटी ती हो म्हणाली. एकदाच, अनोळखी लोकांसमोर, आपलं गाणं सुरात वाजलेलं ऐकायचं. एवढंच हवं होतं तिला.

मेळाव्यातली स्पर्धा शनिवारी होती. ओस्सीला तर हे देवानेच जुळवून आणलंय असं वाटलं.

मेळावा गावाबाहेरच्या, तळ्याकाठच्या लाकडी सभागृहात होता. मार्च महिना, तळं अजून गोठलेलं. आत काळ्या टी-शर्टांतली शंभरेक माणसं, प्रत्येकापुढे एकेक म्हातारा संगणक, जमिनीवर वायरींची शेवई. दारात मुइक्कुने स्वागत केलं. मुइक्कु म्हणजे आमच्याकडे तळून अख्खी खातात ती बोटाएवढी मासळी. हा मुइक्कु वाकल्याशिवाय दारातून आत येऊ शकत नसे. मेळाव्याचा कारभार त्याच्याकडे होता.

"ये गंज, ये! आणि वहिनी, तुम्ही सुद्धा? वा! आधी कॉफी घ्या. या वर्षी पाव एकदम फक्कड आहेत, गावातल्या चर्चच्या बायकांनी काउंटर घेतलंय. तालिनच्या सहलीसाठी पैसे जमवतायत."

इर्मेलीने वळून पाहिलं. काउंटरमागे, कॉफीच्या मोठ्या किटलीशेजारी, वेलचीच्या पावांचा ट्रे हातात घेऊन, पांढरा एप्रन बांधून हेल्वीबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे अख्खा गानवृंद, उंचीप्रमाणे.

"ओस्सी," इर्मेली हळूच म्हणाली, "मला घरी सोड."

"आता? आज शनिवार आहे!"

"चला, चाचणी घेऊन टाकू," मुइक्कु म्हणाला आणि इर्मेलीच्या हातातली अकॉर्डियनची पेटी त्याने अशी उचलली जशी काही काडेपेटीच.

मंचावर ओस्सीने डब्याच्या वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. भिंतीएवढ्या पडद्यावर चित्र आलं, डावीकडे कललं, वर सरकलं आणि गेलं. पडदा निळा झाला. गाणं मात्र चालू होतं. आपली जागा आली तशी इर्मेलीने श्वास घेऊन अकॉर्डियनचा पहिला सूर लावला.

दोन मांजरं एका पोत्यात घातल्यावर जो आवाज येतो तो आला.

सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. आणि मागून, पावांच्या ट्रेपलीकडून, तो ओळखीचा आवाज:

"इर्मेली! पुन्हा वर!"

इर्मेलीचे कान लाल झाले. "हेल्वीबाई, हे अकॉर्डियन आहे. यात मी काय वर जाणार?"

"ते मला नको सांगूस. वर आहे."

"वहिनी, रागावू नका," तुर्कूहून आलेला एक बारीक मिशीवाला समजुतीने म्हणाला, "पण यंत्र कसं चुकेल? त्यात नुसते आकडे आहेत. तुमची पेटी जुनी असेल. भाता गळत असेल."

"अकॉर्डियन मी कालच—"

"माणसाचा हात म्हटला की थोडं वरखाली होणारच," मिशीवाला म्हणाला, आणि भोवतालच्या काळ्या टी-शर्टांनी सहानुभूतीने माना हलवल्या.

ओस्सीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो निळ्या पडद्याकडे बघत होता. मग तो जॅकेट न घालता तडक बाहेर गेला, बर्फात तळ्याच्या काठापर्यंत गेला, डोळ्यांवर हात धरून पलीकडे पाहिलं आणि परत आला. त्याचा चेहरा पडला होता.

"गिरणी बंद आहे," तो म्हणाला.

"कुठली गिरणी?" मुइक्कुने विचारलं.

"बंद आहे. धूर नाही, गाडी नाही, काही नाही." त्याने खुर्चीत अंग टाकलं. "इर्मेली, तौनो निर्दोष आहे."

मुइक्कुने घसा साफ केला. "हे बघ गंज, नियम तुला माहीत आहे. चाचणीत चित्र दिसलं नाही तर तुला शेवटी टाकतो. तेव्हाही नाही दिसलं तर बाद. तासभर आहे तुझ्याकडे."

या मंडळींचा एक गुण आहे. कुणाचं यंत्र चालत असेल तर ते कौतुकाने लांबून बघतात. बिघडलं की मात्र हातातलं काम टाकून धावत येतात. पाच मिनिटांत डब्याभोवती दाटी झाली. एकाने केबल बदलली. दुसऱ्याने ती पुन्हा पहिली लावली. तिसरा म्हणाला, घरचा जुना टीव्ही बिचारा उदार असतो, मिळेल ते चित्र चालवून घेतो. हा पडद्याचा प्रोजेक्टर नव्या जमान्याचा, जरा वेळ चुकली की ओळख दाखवत नाही. हे खरं होतं, पण उपयोगाचं नव्हतं. मिशीवाल्याने बॅगेतून एक छोटी डबी काढली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "माझ्याकडे एक स्फटिक आहे."

दोघा-तिघांनी मागे वळून कुणी ऐकलं का ते पाहिलं.

"कुणाला सांगणार नाही आम्ही," मिशीवाला म्हणाला.

ओस्सीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने डबी आपोआप बॅगेत परत ठेवली. "नाव नोंदवताना मी काय लिहिलंय? एक चिप, बाकी काही नाही. आता स्फटिक लावू? त्यापेक्षा मी गिटार शिकेन."

"घामाघूम झालो रे," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. "उघडा ती खिडकी."

खिडकी उघडली. बर्फावरून आलेला वारा थेट मंचावर शिरला. गाणं चालूच होतं, ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि इर्मेलीने मान वर केली.

"आणखी उतरलं," ती म्हणाली.

"काय उतरलं?" ओस्सी म्हणाला. "काही नाही उतरलं."

"उतरलं," काउंटरमागून हेल्वीबाई म्हणाल्या.

दोघींनी सभागृहाच्या दोन टोकांवरून एकमेकींकडे पाहिलं. दोघींचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ होती आणि दोघींनाही ते जरा जड गेलं.

ओस्सीला काम करायला दोन हात मोकळे हवे होते आणि मंचावर हात ठेवायला जागा उरली नव्हती. त्याने डबा, वायर, बॅटरी आणि कण्हणाऱ्या छोट्या स्पीकरसकट सगळं उचललं आणि खाली नेऊन जिथे जागा दिसली तिथे ठेवलं. म्हणजे कॉफीच्या काउंटरवर, किटलीला टेकून.

"इथे नको ते लोखंड," हेल्वीबाई म्हणाल्या. "इथे माणसं खातात."

"दोनच मिनिटं, हेल्वीबाई."

"तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत. आमच्या कपाटातली वायर लावायलाही तू दोनच—" त्या मधेच थांबल्या. मान कलती केली.

मंचावर इर्मेलीनेही मान कलती केली होती.

"चढतोय," हेल्वीबाई म्हणाल्या.

"चढतोय!" इर्मेली अकॉर्डियनसकट मंचावरून उतरून आली. तिने आपला सूर लावला. दोन मांजरांतलं एक शांत झालं. जरा वेळाने दुसरंही शांत व्हायला लागलं.

"ओस्सी," ती म्हणाली, "आपल्याकडे शनिवारी आणखी काय असतं?"

"काय असतं? गिरणी बंद असते."

"गिरणी सोड. दुपारभर लाकडं फोडून मी काय करते शनिवारी?"

ओस्सीने तिच्याकडे पाहिलं. मग किटलीकडे. मग डब्याकडे.

"सौना," तो शेवटी म्हणाला.

"सौना!" गर्दीतून पाच-सहा जण एकदम म्हणाले, आणि मग सगळ्यांनाच हसू फुटलं.

"चिपच्या आतलं घड्याळ," ओस्सी हताशपणे सांगू लागला, "उबेत पळतं, गारठ्यात रेंगाळतं. हे माहितीपत्राच्या पहिल्याच पानावर असतं."

"मग?" मुइक्कुने विचारलं.

"मी नेहमी दुसऱ्या पानापासून वाचतो. पहिलं पान नवख्यांसाठी असतं." त्याने डोक्याला हात लावला. "दीड वर्ष मी आकडे जुळवले, ते सगळे शेगडीच्या भिंतीपाशी बसून. आणि तौनोच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही."

"रडू नंतर," मुइक्कु म्हणाला. "पडद्यावर चित्र आणायचंय. किती ऊब लागते याला?"

"बनियनवर बसता येईल एवढी. घाम येईल, पण सुसह्य."

मग सूचनांचा पाऊस पडला. सभागृहाचा सौना तळ्याकाठी तापतच होता. यंत्र तिथे ठेवून लांब वायर ओढावी असं एकाने सुचवलं. पण तेवढी वायर नव्हती, आणि सौनात हंगेरीहून आलेले आठ जण बसले होते. कुणीतरी गरम हवेचं पिस्तूल आणलं आणि डब्यावर धरलं. गाणं एकदम किंचाळत सुटलं आणि चित्र आता उजवीकडे कललं. ओस्सीने डबा काखेत धरून पाहिला. त्याने सूर बरा लागला, पण तो श्वास घेई तेव्हा वायर सुटे, आणि गाणं श्वास रोखून धरण्याएवढं छोटं नव्हतं. मंचावर कॉफीची किटली नेऊन ठेवायला हेल्वीबाईंनी साफ नकार दिला. लोक कॉफीवाचून ठेवायचे नाहीत, यावर त्यांचं मत ठाम होतं, आणि सभागृहाचं त्यांच्याशी एकमत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून गानवृंदातली एक बाई पावांचा नवा ट्रे घेऊन आली. वाफा निघत होत्या. इर्मेलीने त्या वाफांकडे पाहिलं. मग किटलीवर घातलेल्या, लोकरीने विणलेल्या लाल टोपीकडे पाहिलं. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण शेवटच्या पोरापर्यंत गरम ठेवणारी बाई ती.

"डब्याभोवती गरम पाव रचायचे," ती म्हणाली, "आणि वरून टोपी घालायची. सूर उतरला की गरम पाव वाढवायचा. चढला की टोपी उचलायची."

"माझे पाव?" हेल्वीबाई म्हणाल्या.

"आम्ही विकत घेतो," ओस्सी म्हणाला. "सगळा ट्रे."

"पण ते ठरवणार कोण?" मुइक्कुने विचारलं. "वहिनी वाजवणार, गंज वायरी धरणार. पाव कधी ठेवायचा, टोपी कधी उचलायची ते कळायला कान पाहिजे. ए, कोणाला सूर कळतो का?"

सभागृहात शंभरेक माणसं होती. त्यातले निम्मे स्वतःला संगीतकार म्हणवत. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. त्यांचं संगीत रकान्यांत होतं. रकान्यात आकडा बरोबर असला की त्यांच्या लेखी सूर बरोबर.

हेल्वीबाईंनी ट्रे उचलला. "सरका," त्या म्हणाल्या.

इर्मेलीने अनोळखी लोकांसमोर एकदाच वाजवायचं ठरवलं होतं. आणि आता जगातले तेच दोन कान तिच्यापासून हातभर अंतरावर बसणार होते.

शेवटचा क्रमांक आला. मंचावर एक टेबल, टेबलावर पाव, पावांत डबा, डब्यावर लाल टोपी. एका बाजूला वायरी दोन्ही हातांनी दाबून धरलेला ओस्सी, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर अकॉर्डियन घेऊन इर्मेली, मधे एप्रन आणि कणा दोन्ही ताठ असलेल्या हेल्वीबाई. मुइक्कुने दिवे मालवले. प्रेक्षकांत खसखस पिकली.

हेल्वीबाई वाकल्या. "कोणाच्या सुराला लावायचं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. प्रश्न साधा, कामापुरता होता. पण गेल्या वर्षीच्या जानेवारीत तो कुणी विचारला नव्हता.

इर्मेलीने भात्याचा पट्टा सोडला.

"माझ्या," ती म्हणाली.

हेल्वीबाईंनी एप्रनला हात पुसले. "बरं. दे."

इर्मेलीने सूर दिला. हेल्वीबाईंनी कान दिला, एक पाव डावीकडे सरकवला, एक उजवीकडे नवा ठेवला, टोपी दोन बोटं खाली ओढली. थांबल्या. मान हलवली. आणि ओस्सीने बटण दाबलं.

चित्र आलं आणि उभं राहिलं.

भिंतीएवढ्या पडद्यावर ठोकळ्या-ठोकळ्यांचं बर्फाळ तळं, त्यावर झाडांची रांग, आणि एक छोटीशी कुऱ्हाड गाण्याच्या ठेक्यावर लाकूड फोडत होती. टक्, टक्, टक्. डब्यातून इर्मेलीचं गाणं किणकिणत, नाकात बोलत निघालं. त्याच्या खांद्याला खांदा लावून अकॉर्डियन निघालं, आणि दोघं एकाच वाटेने चालू लागली. कोपऱ्यातला मिशीवाला सरळ होऊन बसला.

अर्ध्यावर पाव निवले. कुऱ्हाड जराशी डावीकडे झुकली.

"गरम!" हेल्वीबाईंनी मागे न बघता हात लांब केला. "गरम आणा!"

गानवृंदाला त्यांचा हात माहीत होता. स्वयंपाकघरापासून मंचापर्यंत बायका रांगेने उभ्या राहिल्या, उंचीप्रमाणेच, आणि पाव हातोहात येऊ लागले. हेल्वीबाई निवलेला पाव काढून पुढे सरकवत, नवा ठेवत. निवलेला पाव पहिल्या रांगेतले लोक खाऊन टाकत. कुऱ्हाड सरळ झाली. एकदा ऊब जास्त झाली तेव्हा इर्मेली आणि हेल्वीबाई एकाच क्षणी दचकल्या, आणि इर्मेलीने डोळ्यांनी खूण करायच्या आत टोपी उचललेली होती. प्रेक्षक आता नुसते बघत नव्हते. प्रत्येक पावाला ते ओरडत होते. पडद्यावर शेवटी, त्या मंडळींच्या रिवाजाप्रमाणे, जुन्या दोस्तांच्या टोळ्यांना रामराम घालणारी नावं सरकू लागली. ज्याचं नाव येई तो उठून आरोळी ठोके. मग नावं संपली, कुऱ्हाड थांबली, आणि यंत्राचा शेवटचा सूर आणि अकॉर्डियनचा शेवटचा सूर एकमेकांत असे मिसळले, की कुठला कुणाचा ते सांगता येईना.

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं.

नंतर मिशीवाल्याने रीतसर हरकत घेतली. ओस्सीने 'एक चिप, बाकी काही नाही' असं लिहिलं होतं. इथे तर चिपखेरीज निदान तीस पाव वापरलेले दिसले. यावर चर्चा झाली. पाव हा यंत्राचा भाग आहे का? तो काढला तर यंत्र चालेल का? नाही चालणार, तर मग? मुइक्कुने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की पाव हा हवामानाचा भाग आहे. शिवाय पुरावा तोपर्यंत प्रेक्षकांनी खाल्ला होता, आणि मिशीवाल्याच्या मिशीला साखर लागलेली होती.

मतं मोजली तेव्हा त्यांचा दुसरा नंबर आला. पहिला हंगेरीकरांचा. ते सौनातून थेट उठून आले होते आणि फार आनंदात होते.

ओस्सीचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. तो फोन कानाला लावून दाराशी उभा होता. "तौनो? मी ओस्सी. नाही, काही झालं नाही. सहज. काय म्हणतोयस? ... नाही नाही, प्यायलेलो नाही. नमस्कार करायला फोन केला."

इर्मेली रिकामे ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेली. हेल्वीबाई एकट्याच ओट्यापाशी उभ्या होत्या. एकच ट्रे पुसत होत्या, बराच वेळ. तो केव्हाच कोरडा झाला होता.

"चांगलं गाणं आहे," त्या ट्रेला म्हणाल्या. "कोणी केलं?"

"मी."

"हं." त्यांनी ट्रे उलटा केला आणि मागची बाजू पुसायला घेतली. "इर्मेली, आपल्या चर्चची शेगडी कधी पेटवतात गं?"

"रविवारी. प्रार्थनेपुरती. लाकूड महाग झाल्यापासून."

"आणि आपला सराव असतो..."

"गुरुवारी," इर्मेली म्हणाली.

"आपण कोट घालून गातो," हेल्वीबाई हळूहळू म्हणाल्या. "तोंडातून वाफ निघते. आणि त्या ऑर्गनच्या नळ्या, गारठून उतरलेल्या..." त्यांचा हात थांबला. बाहेर सभागृहात कुणीतरी लाकडं फोडण्याचा ठेका पायाने धरला होता, आणि दुसरं कुणीतरी त्यावर टाळ्या देत होतं. हेल्वीबाईंच्या तोंडून माफी आजवर कुणी ऐकली नव्हती आणि आजही कुणाला ऐकू येणार नव्हती. त्यांनी एप्रन सोडला, घडी घातली, घडीवरून हात फिरवला.

"गुरुवारी ये," त्या म्हणाल्या. "सात वाजता."

"आणि ऑर्गन, हेल्वीबाई?"

"ऑर्गन?" हेल्वीबाईंनी किटलीवरची लाल टोपी झटकली, साखरेचे कण खाली पडले. "ऑर्गन नुसते ओठ हलवेल."